मलेरिया खात्यातलं माझं नाक

वडगाव रासाईच्या रखमामावशी दारात हात आडवा लावून उभ्या होत्या. माझी चार माणसं डीडीटीचा पंप घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पंप आत न्हाई यायचा," मावशी म्हणाल्या. "मागल्या खेपंला आठ दिस आंथरूण धरलं व्हतं."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मलेरिया खात्यात फवारणीचा सुपरवायझर होतो. काम सोपं. डीडीटीची पावडर पाण्यात कालवायची आणि घराच्या आतल्या भिंतींवर मारायची. भिंतीवर बसलेला डास मरतो.

अडचण एवढीच, की सुपरवायझरलाच तो वास सोसत नव्हता. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी फक्त डीडीटी. मग फिनेल, रॉकेल, ऑइलपेंट, कोरं कापड, डिझेलचा धूर. वास आला की डोकं ठणकायचं, छाती आवळायची, साधे शब्द आठवायचे नाहीत. एसटी सोडून मी सायकलवर फिरायचो. लोक म्हणत, काय काटकसरी माणूस! बायको माझे कपडे रिठ्यात धुवायची, तिनं तोंडाला पावडर लावणंही सोडलं होतं. मेव्हण्याच्या लग्नात मी मांडवाबाहेर बैलांजवळ बसून जेवलो. बैलांचा वास चालायचा. शिरूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." नोकरी जाईल म्हणून ऑफिसात मी अवाक्षर काढलं नव्हतं. फवारणी चालू असली की वारा बघून लांब उभा राहायचो आणि तिथून हुकूम सोडायचो. माणसं मला गर्विष्ठ समजत.

मी त्या चौघांना पुढच्या घरी पाठवलं आणि मावशींना हळूच विचारलं, "अजून कशाकशानं होतं?"

"धान्यात पावडर टाकत्यात, तिच्यानं."

"रॉकेलनं?"

"छाती भरती. चिमणी लावतच न्हाई. करडीच्या तेलाचा दिवा."

"अगरबत्ती?"

"देवाला फकस्त फूल. देव काय बोलला न्हाई. सून बोलती. म्हनती, कामाच्या वक्तालाच बरा वास येतो!" मग त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. "दादा, तुमालाबी हाय व्हय?"

दोन वर्षांत, बायको आणि डॉक्टर सोडून, पहिल्यांदाच मी कुणाला तरी 'हो' म्हणालो. पत्रिका जुळली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

तेवढ्यात खात्याची जीप आली. साहेब उतरले. त्यांचं अत्तर त्यांच्याआधी पोचलं. मावशी आणि मी एकदमच दोन पावलं मागे सरलो.

"हे घर का राहिलं?"

"सर, नकार आहे. बाईंना त्रास होतो."

"नाटकं असतात! डीडीटीनं फक्त डास मरतात. तुम्ही स्वतः मारा, मी इथं उभा आहे."

"सर, मलाही त्रास होतो."

"मलेरिया सुपरवायझरला डीडीटीचा त्रास? उद्या पोस्टमन म्हणेल, पत्रं टोचतात! मारा, नाहीतर राजीनामा द्या."

घरी बायको आणि दोन पोरं होती. साहेबांनी माणसांना परत बोलावलं. मावशी तडक बांधावर जाऊन बसल्या. एकानं पंप दाबला, नळी माझ्या हातात. मी गोठ्याच्या भिंतीपासून सुरुवात केली. दुसऱ्या पट्ट्याला डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्याला जमीन फिरली आणि मी भडभडून ओकलो. नेम धरलेला नव्हता. साहेबांचे बूट मध्ये आले.

मावशी पदरानं नाक दाबत आल्या. मला ताक दिलं, साहेबांना पाण्याची बादली. साहेब बराच वेळ बूट धूत होते. मग त्यांनी रजिस्टर मागितलं. त्यात प्रत्येक घरापुढं तीन रकाने असत: फवारणी झाली, नकार, कुलूप. नकाराचं कारण वर कळवावं लागे, कुलपाचं नाही. उघड्या दारात उभ्या असलेल्या मावशींच्या देखत साहेबांनी 'कुलूप' लिहिलं आणि सही ठोकली.

महिन्याभरात माझी केडगावला बदली झाली, तापाच्या कामावर. घरोघर जायचं, ताप कुणाला आहे विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. स्पिरिटचा बोळा मी लोकांच्याच हातात द्यायचो. निवृत्तीपर्यंत तेच केलं. त्रास गेला नाही. अजूनही नव्यानं रंगवलेल्या घरी वास्तुशांत असली, की मी अंगणातूनच आहेर देतो. मावशींना मलेरिया कधी झाला नाही, पण ते त्यांचं नशीब. फवारणी टाळा असं मी कुणाला सांगणार नाही.

या दुखण्याला पुढं लांबलचक इंग्रजी नाव मिळालं म्हणतात. आमच्या वेळी नाव नव्हतं, नियम मात्र होता. सांगितलेला त्रास नाटक ठरतो. दिसलेला त्रास बदलीला पात्र ठरतो.