गाळलेल्या बारा नोंदी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, धाराशिवची ती नोकरी मी पगार कमी म्हणून सोडली. मीही तिला तसंच वाटू दिलं.

काम काय होतं? एका संस्थेचे गावोगाव छोटे दवाखाने होते, तिथं नवं यंत्र द्यायचं होतं. बोटाला चिमट्यासारखं लावायचं, आतला उजेड बोटातून जातो आणि रक्त न काढताच हिमोग्लोबिन कळतं. ते घेणं परवडेल का, सुईच्या जुन्या तपासणीपेक्षा त्यानं खरंच भलं होईल का, हे ठरवायला मला ठेवलं होतं. पुण्यात मी तेच शिकलो होतो.

तेरखेड्याजवळच्या दवाखान्यात शमीम सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. तिकडच्या बऱ्याच बायका फटाक्यांच्या कामाला जातात. फटाक्याच्या दारूची राखाडी भुकटी नखांत, बोटांच्या रेषांत बसते, धुऊनही निघत नाही. सिस्टरांनी अशा बारा जणींना आधी यंत्र लावलं, मग सुईनंही तपासलं, आणि सगळं एका वहीत लिहून मला दिलं. जवळपास प्रत्येकीचं हिमोग्लोबिन यंत्रावर जास्त, सुईवर कमी.

"माझं चुकत असंल सर," त्या म्हणाल्या, "पण ह्ये यंत्र आमच्या बायकांना फसवतंय. बघा जरा."

मी बघितलं. नीट बघितलं. त्या बारा नोंदी धरल्या तर माझं उत्तर डळमळत होतं — यंत्र कदाचित फायद्याचं, कदाचित धोक्याचं. बारा जणींवरून ते वाईट आहे असंही म्हणता येत नव्हतं. खरं उत्तर एवढंच होतं — अजून माहीत नाही, आणखी तपासायला हवं. पण हे वाक्य घेऊन बैठकीत कोण उभं राहणार? अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, घ्यायचं की नाही ते एका ओळीत सांगा. माझं ते पहिलंच मोठं काम. मी बाराही नोंदी गाळल्या. गाळल्या असंही कुठं लिहिलं नाही. आणि एका ओळीत सांगितलं — घ्यावं.

इथवरचं मी कदाचित कुणाला सांगितलंही असतं. नवखा होतो, म्हणालो असतो. पण —

यंत्रं आली, सुईची तपासणी बंद झाली. वर्षभरानं फटाक्यांच्याच कामाला जाणारी लता नावाची एक बाई, दिवस भरत आलेले असताना, चक्कर येऊन पडली. यंत्रानं तिचं रक्त चांगलं दाखवलं होतं. धाराशिवला नेल्यावर कळलं, अंगात रक्त निम्मंही नव्हतं. ती वाचली. बाळ पोटातच गेलं होतं.

संस्थेनं चौकशी लावली. यंत्राचा जाणकार म्हणून मला बोलावलं. तपासणीत हयगय झाली, असा सिस्टरांवर ठपका होता. त्या माझ्याकडं वळल्या.

"सर, म्या तुम्हाला वही दिली व्हती. सांगा की यांना."

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. त्यांचं बारीक, तिरकं अक्षर माझ्या डोळ्यांपुढं होतं. आणि मी म्हणालो — "मला तसं काही आठवत नाही."

त्यांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला. आठवड्याभरात त्यांना कामावरून काढलं. मी मागून संस्थेला एक पत्र लिहिलं — खबरदारी म्हणून सुईची तपासणीही ठेवावी. ती पुन्हा सुरू झाली. का ठेवावी, ते मात्र मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सिस्टर परत आल्या असत्या. दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली. कुणी मला जायला सांगितलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात भूमच्या एसटी स्टँडवर त्या दिसल्या. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. एका खाजगी डॉक्टरकडं कामाला असतात आता. पगार थोडा आहे, पण मान आहे, म्हणाल्या. माझ्या आईची चौकशी केली. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, आता बोलावं. घसा खाकरलाही.

"तुमची गाडी लागली सर," त्या म्हणाल्या.

मी बरं म्हणालो, आणि चढलो.