भांडी घासली आणि शीर सापडली

आजींची निम्मी भांडी घासून झाली होती, तेवढ्यात नर्सताई आल्या. घरोघरी जाऊन सलाईनमधून अँटिबायोटिक द्यायचं हे त्यांचं रोजचं काम. आजोबांच्या पायाची जखम चिघळली होती. तेरा डोस झाले होते, आजचा शेवटचा. पण हातातली सुई पहाटेच निघून आली होती आणि नवी लावायला शीर काही केल्या सापडेना. हात बर्फासारखे गार! डोस चुकला तर पुन्हा हॉस्पिटलात भरती, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजोबांचं तोंड एवढंसं झालं. आजींनी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला.

ताईंची नजर सिंककडे गेली. त्यांनी टबात गरम पाणी ओतलं, उरलेली भांडी त्यात टाकली आणि टब आजोबांच्या खुर्चीपुढे ठेवला.

"घासा, आजोबा."

"मी?"

"तुम्हीच. हात खाली आणि पाणी गरम, मग शीर कुठे लपते तेच बघते!"

"चाळीस वर्षांनी का होईना, मुहूर्त लागला म्हणायचा," आजी म्हणाल्या.

पाचव्या वाटीला मनगटाजवळची शीर टरारून वर आली. ताईंनी हात पुसला, स्पिरिट लावलं आणि पहिल्याच टोचणीत सुई आत गेली. पडद्याच्या दांडीला टांगलेल्या बाटलीतून थेंब पडू लागले.

"सुटलो बुवा!" आजोबा हसले.

"हॉस्पिटलातून सुटलात, भांड्यांतून नाही," आजींनी बजावलं.

बाटली संपल्यावर सुई काढून ताई निघाल्या. कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांच्या आईला सकाळी दहा वाजताचा डोस द्यायचा होता.