आत्या बेट ओलांडते

माझ्या आत्याचा या पृथ्वीतलावर कोणावरही विश्वास नाही, आणि खुद्द पृथ्वीवरही तो बेताचाच आहे. खारघरला तिची बिल्डिंग उभी राहत होती तेव्हा ती रोज संध्याकाळी साइटवर जाऊन पायाच्या खड्ड्याकडे रोखून बघत उभी राहायची. बिल्डिंग अजून खचली नाही ती सिमेंटमुळे नव्हे, हिच्या धाकानं, असं आतोबा शेवटपर्यंत म्हणत. नव्या माणसाला वाटतं, ही बाई आपल्याला चोर समजते. तसं काही नसतं. ती देवळातल्या प्रसादाकडेही त्याच नजरेनं बघते. आधी वास घेणार, मग दुसऱ्या कुणीतरी खाईपर्यंत थांबणार, आणि मग हात जोडून तोंडात टाकणार.

नोकरी तिला अगदी तिच्या मापाची मिळाली होती. एका सहकारी बँकेत ती चेकवरच्या सह्या जुळवून बघायची. ज्या बारकाईनं इतर बायका साडीचा काठ बघतात त्या बारकाईनं ती लोकांच्या सह्यांची शेपटं बघत असे. एकदा आतोबांचाच चेक तिच्या टेबलावर आला आणि तिनं तो परत पाठवला. संध्याकाळी आतोबा भडकले, तर ती शांतपणे म्हणाली, "सहीत घाई दिसत होती. तुम्ही घाईत आहात असं सकाळी मला काही बोलला नव्हतात." निवृत्त झाल्यावर हे सगळं कसब घराकडे वळलं. मी फोन केला की पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू येतो. "आत्या, मी बोलतेय," म्हटलं की प्रश्न येतो, "तुझ्या बारशाला कोण रुसलं होतं?" "धाकटी काकू." "कशावरून?" "पेढ्यावरून." एवढं झालं की मग प्रेमानं, "बोल गं बाळा." हल्ली आवाजाची नक्कल करून फसवतात असं तिनं वाचलंय, आणि माझा आवाज तर तिच्या मते कुणालाही जमेल असा आहे.

स्टेशनबाहेरचा कलिंगडवाला तिला लांबून येताना पाहिलं की स्वतःच एक फोड तोंडात टाकतो. "बघा मावशी, जिवंत हाय," असं म्हणून मग तिच्यासाठी दुसरी कापतो. मेट्रोत बसली की स्टेशनाचं नाव सांगणाऱ्या त्या गोड आवाजावर ती विसंबत नाही. शेजारच्याला विचारते, "बेलपाडाच ना?" त्यानं हो म्हटलं की समोरच्याला विचारते, कारण शेजारचा त्या आवाजाला सामील असू शकतो. लिफ्टमध्ये कुणी हसून "काय काकू, बऱ्या आहात ना?" म्हणालं तर ती त्या मजल्यावर काय चाललंय याची दोन दिवस माहिती काढते. विनाकारण हसणारी माणसं तिला सगळ्यांत संशयास्पद वाटतात.

म्हणूनच गेल्या चैत्रात तिचा फोन आला तेव्हा बारशाची उजळणी करायची पाळी माझी होती. आमच्या भागातल्या एका हौशी ग्रुपनं दृष्टिहीन मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी घारापुरीच्या बेटावर पदयात्रा काढली होती. मोराबंदरला उतरायचं, डोंगर चढून जायचं आणि पलीकडे शेतबंदरला उतरायचं. प्रत्येक डोळस माणसाबरोबर एक दृष्टिहीन जोडीदार. असला मेसेज आला की आत्या एरवी ग्रुपवर जाहीर विचारते, "जमलेल्या देणगीचं तुम्ही काय करणार?" या वेळी तिनं नाव दिलं होतं. माझंही देऊन टाकलं होतं.

"आत्या, तू? होडीनं?"

"का, होडीत काय झालं?"

हीच बाई घारापुरीच्या सहलीला निघालेल्या सगळ्या नातेवाइकांना होड्या कशा उलटतात ते सांगत आली होती. काहीतरी नक्की होतं. मी विचारलं तर म्हणाली, "चांगलं काम आहे." हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात प्रथमच ऐकलं, आणि त्या रात्री मला नीट झोप आली नाही. माझी खात्री झाली, ही त्या लोकांना उघडं पाडायला चाललीय.

उरणच्या धक्क्यावर आम्हाला भगव्या रंगाचे टी-शर्ट वाटले. सगळ्यांनी ते तिथेच चढवले. आत्यानं आपल्या टी-शर्टची बाही थुंकीनं ओली करून बोटावर घासली, बोटाकडे पाहिलं आणि टी-शर्ट पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. होडीवाल्याला तिनं विचारलं, "तुला पोहता येतं का?" तो म्हणाला, "मावशी, जलम पान्यात गेला." "ते मी विचारलं नाही," आत्या म्हणाली.

बेटावर उतरल्यावर जोड्या लावल्या. आत्याच्या वाट्याला वृषाली आली. तिशीची, महाप्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करणारी, कानांत लांब झुमके, आणि सारखी हसणारी. मी मनात म्हटलं, संपलं. आयोजकांपैकी एका उत्साही गृहस्थांनी समजावलं की डोळसानं अर्धं पाऊल पुढे चालायचं आणि जोडीदारानं त्याचा कोपर धरायचा. वृषालीनं आत्याचा कोपर धरला आणि म्हणाली, "काकू, तुम्ही फक्त सांगत चला, पुढे काय आहे ते."

एका अर्थी आत्याचा जन्मच या कामासाठी झाला होता. "हा दगड हलणार. ह्याच्यावर पाय देऊ नकोस, दिसायला चांगला आहे पण आतून पोकळ असेल. हे मूळ वर आलंय. ही फांदी वाकडी आहे, हिचा काही नेम नाही. समोरून कुत्रा येतोय, झोपल्याचं सोंग करून उठलाय." इतर जोड्या गप्पा मारत पुढे निघून गेल्या. आमची जोडी मात्र शत्रूच्या मुलखातून चालल्यासारखी चालली होती. मागून मी, जोडीदार कमी पडल्यामुळे एकटीच. वृषाली हसून हसून बेजार होत होती आणि आत्या दर हसण्याला मान वळवून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. मग परीक्षा सुरू झाली. आत्यानं आवाज न करता काकडीची फोड तिच्यापुढे धरली.

"थँक्यू काकू," म्हणत वृषालीनं हात पुढे केला.

"तुला कसं कळलं?" आत्यानं ताडकन विचारलं.

"अहो, वास येतो ना."

"झुमके कुणी निवडले?"

"मीच. वाजवून बघितले दुकानात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही तिला डोळ्यांसमोर बोटं नाचवून दाखवणार असं वाटत होतं. पण प्रश्न हळूहळू वेगळ्याच वळणाला लागले. गॅस पेटलाय हे कसं समजतं? दाराचं कुलूप नीट लागलं का, हे कसं बघतेस? चहा कपातून उतू गेला तर? भाजीत किडकं निघालं तर? दारावरची बेल वाजली तर उघडतेस? एकटी असतेस तेव्हा भीती नाही वाटत? वृषाली सगळ्याची उत्तरं देत होती. चहा ओतताना कपाच्या कडेच्या आत बोटाचं टोक ठेवायचं. भाजी हातानंच कळते, "डोळ्यांनी निवडणाऱ्यांच्या भाजीत जास्त अळ्या निघतात काकू." भीती वाटते, हो, वाटते ना, रात्री लाइट गेली की बिल्डिंगमधल्या बाकीच्यांची भीती वाटते, ते जिन्यात धडपडतात. असं म्हणून ती पुन्हा हसली. आत्या हसली नाही. ती उत्तरं ऐकताना ओठ हलवत होती. बँकेत ती मोठे आकडे पाठ करायची तेव्हा तिचे ओठ असे हलायचे.

वर डोंगरमाथ्यावरच्या जुन्या तोफेपाशी थोडं थांबून आम्ही उतरायला लागलो. झाडी दाट होती, पांगारे फुललेले होते, आणि पायवाटेवर उन्हाचे कवडसे असे पडले होते की माझीच नजर चुकत होती. एका वळणावर डाव्या बाजूला वाट एकदम तुटलेली होती. मला मागून दिसत होतं. आत्याला दिसणारच, तिला तर नसलेले खड्डेही दिसतात, असं समजून मी गप्प राहिले. आत्यानं सरळ समोर बघत डावा पाय पोकळीत टाकला.

मी ओरडायच्या आत वृषाली मटकन खाली बसली. आत्याचा दंड तिनं दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे आत्याही तिच्यावर मागे ओढली गेली, आणि दोघी पाचोळ्यात बसकण मारून बसल्या. काही खडे घरंगळत गेले, तेवढंच. आत्याचा श्वास वर गेला होता. पण बोलायला लागली ती हेच, "ही वाट कुणीतरी मुद्दाम खणून ठेवलीय. परवापर्यंत असणार इथे."

वृषालीनं तिचा दंड सोडला नव्हता. ती या वेळी हसली नाही. म्हणाली, "काकू, तुम्हाला कडेचं दिसत नाही ना?"

आत्या एकदम माझ्याकडे वळली. "तू सांगितलंस हिला?"

"मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं."

"कुणी नाही सांगितलं," वृषाली म्हणाली. "तुम्ही समोरचं सगळं सांगता. बाजूनं माकडं येत होती, पोरं ओरडत होती, त्यातलं काही सांगितलं नाहीत. आणि उतरताना आधी पायानं चाचपता. मी लहान असताना मला थोडं दिसायचं, तेव्हा मीपण असंच करायचे."

खालच्या वळणावर टोपलीत कैऱ्या घेऊन बसलेली एक गावातली बाई आवाज ऐकून वर आली होती. "लागला का गो आजी? बस, बस. पानी पी, माठातला हाय," म्हणून तिनं तांब्या पुढे केला. आत्यानं पाणी कुठल्या विहिरीचं ते विचारलं नाही, वास घेतला नाही, दोन्ही हातांनी तांब्या धरून सगळं पिऊन टाकलं. ते बघून मला रडू यायला लागलं.

उरलेली वाट मी पुढे चालले. माझा कोपर आत्यानं धरला, आत्याचा वृषालीनं, आणि पुढे काय आहे ते मी सांगायचं. "दगड," मी म्हणायचे. "कसा?" मागून आत्या. "साधा दगड आहे गं." "साधा म्हणजे हलणारा की बसलेला? नीट सांगत जा, मागे माणसं आहेत." शेतबंदरला आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. बाकीचे दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि एकूणएकाची मान घामानं भगवी झालेली होती. आत्यानं गाठ मारलेली पिशवी मला दाखवली.

परतीच्या होडीत ती माझ्याजवळ बसली. वृषाली पुढच्या बाजूला मैत्रिणींना आमच्या घसरगुंडीची गोष्ट सांगत होती, आणि सगळ्या खिदळत होत्या.

"काचबिंदू," आत्या पाण्याकडे बघत म्हणाली. "तीन डॉक्टर केले. तिघं एकमेकांना सामील असतील असं वाटलं होतं गं. पण तिसरा पार पनवेलचा होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"गेलेलं परत येत नाही म्हणतात. आहे ते औषधानं टिकलं तर टिकेल. तुला सांगून त्यात काय फरक पडणार होता?" मग म्हणाली, "आंधळं माणूस कसं राहतं ते बघायचं होतं मला. मेसेजबरोबर या वृषालीचा फोटो होता, हसताना. मला वाटलं, फोटोपुरतं असेल. लोकांनी मदत करावी म्हणून हसायला सांगितलं असेल. दिवसभर तपासलं मी तिचं हसणं."

"मग?"

आत्यानं पुढे बघितलं. वारा होता, वृषालीचे झुमके उडत होते.

"खरं आहे," ती म्हणाली. आणि सवयीनं जोडलं, "बहुतेक."

त्यानंतर वृषाली तिच्याकडे जायला लागली. रविवारी दोघी स्वयंपाकघराची उलथापालथ करतात. मसाल्याच्या डब्यांना वेगवेगळे दोरे बांधले गेलेत, आणि तिखटाचा दोरा वृषालीनं मुद्दाम बदलून ठेवला असा आरोप करून आत्या एकदा तिच्याशी आठवडाभर बोलली नाही. डोळ्यांत थेंब ती वेळेवर घालते. तरी या वर्षभरात अजून थोडं गेलं आहे. समोरचं एक वर्तुळ उरलंय, त्यात ती माणूस, ताट, वर्तमानपत्राचा मथळा असं एकेक आणून बघते. पूर्वी ती सगळ्या जगावर एकदम संशय घ्यायची, आता जगाला रांगेत यावं लागतं.

परवा तिला घेऊन मी नेरूळला खाडीकडे गेले होते. उतरती संध्याकाळ होती. फ्लेमिंगो आले होते आणि लोक मोबाइल उंच धरून उभे होते. आत्या कठड्याला धरून पाण्याकडे बघत होती.

"आलेत?" तिनं विचारलं.

"आलेत. खूप आहेत."

"गुलाबी?"

"गुलाबी."

आता ही म्हणेल, नीट बघ, बगळे असतील; मी त्या तयारीत होते. पण ती म्हणाली, "छान." आणि माझ्यावर सगळं सोपवून समोर बघत राहिली. मला ते सहन झालं नाही.

"म्हणजे अगदी गुलाबी नाहीत गं," मी घाईघाईनं खरं काय ते सांगितलं. "एखाददुसरा आहे. बाकी सगळे करडेच आहेत. आणि फार लांब आहेत."

"करडे," आत्या स्वतःशी म्हणाली, आणि उजेड असेपर्यंत ते करडे पक्षी बघत उभी राहिली.