पणजोबांची शिवी

बोरगाव मेघेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत दोन वर्षं एक चिनी मुलगी राहिली. वर्ध्याला ती हिंदी शिकायला आली होती. मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेलो. इंग्रजांनी चीनवर अफू लादली, बंदरं बळकावली, चिनी लोक पेटून उठले, हे सगळं मी दरवर्षी एका तासात उरकत आलो होतो.

हिवाळ्यातली दुपार होती. गच्चीवर मऊ ऊन पसरलेलं. बायको तुरीच्या शेंगा सोलत होती, मुलगी तिला मदत करत होती. मध्येच ती पणजोबांबद्दल बोलू लागली, सावकाश हिंदीत, डोळे अर्धे मिटून. ती आठवतेय असं वाटेना. पणजोबांच्या काळातल्या रस्त्यावरून चालतेय असं वाटत होतं.

पणजोबा रेशीम काढणाऱ्या एका खेड्यातून शांघायला शिकायला गेले. तिथल्या कितीतरी रस्त्यांवर परक्यांचाच कायदा चाले. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, त्यात तेही गेले. इंग्रजांच्या चाकरीतल्या पोलिसानं त्यांच्या खांद्यावर लाठी घातली. पोलीस हिंदुस्थानी होता, उंच, पगडीवाला. पणजोबा खाली पडले. ज्या विद्यार्थ्यानं उचललं तो चीनमधल्याच इतक्या दूरच्या मुलखातला होता, की दोघांना एकमेकांची बोली कळेना. तोवर कुणी विचारलं तर पणजोबा आपल्या खेड्याचं नाव सांगत. त्या दिवसापासून ते चीन म्हणू लागले.

मारताना पोलीस काहीतरी ओरडला होता. ती शिवी त्यांनी जन्मभर लक्षात ठेवली. पुढं घरात लेकरांवर रागावताना सगळे तीच वापरू लागले. मी विचारलं, कोणती? ती जरा लाजली.

"कर-च्या."

बायकोनं मान वर केली. "काऊन वो, कोनाले घर जा म्हनून राह्यली?"

मुलीच्या हातातली शेंग तशीच राहिली. लहानपणापासून 'कर-च्या' म्हणून कानात मुरलेले ते दोन शब्द तिला हिंदी शिकूनही कधी ओळखू आले नव्हते.

तिनं तिथूनच आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. जाड कोटातल्या म्हाताऱ्याला तिनं सगळं सांगितलं. मग त्यानं एकच विचारलं, आणि तिनं ते आम्हाला सांगितलं: पोलीस रागानं म्हणाला होता, की दयेनं?

पोटासाठी समुद्रापार गेलेला, एकाच्या राज्यासाठी दुसऱ्यावर काठी उगारणारा तो माणूस माझ्या तासात कधी आलाच नव्हता. ठाऊक नाही, म्हणालो.

"त्याईले सांग," बायको म्हणाली, "त्याले सोताले बी घरी जावसं वाटत असन."

मुलीनं ते चिनीत सांगितलं. मग म्हाताऱ्यानं सांगितलं, की त्याचे वडील, म्हणजे पणजोबा, थकल्यावर एकदा बंदरावर पगडीवाला खलाशी दिसला, तेव्हा ते काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले होते. समोर जाऊन उभे राहिले. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतीच मान लववून परत आले.

ही गोष्ट मुलीनंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.