आडनाव विचारण्याची रीत

"नाव छान आहे. आणि आडनाव?"

शाळेची ओपन इव्हनिंग होती. लंडनमधली, हाउन्सलोजवळची मुलांची शाळा. समोर ट्रेमध्ये मेंढीचं हृदय, माझ्या हातात स्काल्पेल, टेबलाभोवती पोरं आणि त्यांचे आईबाप. विचारणारे डॉक्टर मराठी. पुण्याचे. इथल्या हॉस्पिटलात सर्जन, शाळेच्या गव्हर्नर्सपैकी, म्हणजे कारभारी मंडळातले एक. बायोलॉजीचा नवा सर मराठी आहे कळल्यावर खूश झाले होते. "अहो सर, काय सांगता!" म्हणत बायकोला हाक मारून मला दाखवलं होतं.

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा. गाव?"

लातूरकडचं एक गाव. सांगितलं.

"गावात म्हणजे... अगदी गावात?"

हा प्रश्न आमच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

"गावाबाहेर," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ट्रेकडे बघितलं. हृदय मी नीट उघडलं होतं, चारी कप्पे दिसत होते. ते हसले.

"तरीच! तरीच तुझा हात इतका साफ आहे. रक्तातच असणार तुमच्या."

तुझा. मिनिटापूर्वी मी सर होतो. अहो होतो. आडनाव कळलं आणि तू झालो. माणूस स्वतः सर्जन. रोज जिवंत माणसं कापतो. त्याचा हात त्याच्या शिक्षणामुळे साफ. माझा रक्तामुळे.

शेजारी उभी असलेली गोरी बाई आमच्याकडे बघून म्हणाली, "लव्हली." तिला वाटलं, दोन गाववाले भेटले.

मी ग्लोव्ह्ज काढले, ट्रे झाकला.

आता मी या शाळेत कसा, ते सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., बी.एड. झालो. गावाकडं नोकरी मिळेना तेव्हा दक्षिण आफ्रिकेत गेलो. झुलू मुलखातल्या एका शाळेत लाईफ सायन्सेस शिकवलं. बायोलॉजीला तिकडं तेच म्हणतात. झुलू तिथंच शिकलो, पोरांकडून, बाजारातून. या इंग्लिश शाळेची पोरं उन्हाळ्यात त्याच भागातल्या एका शाळेत जाणार होती. त्यांना भाषा शिकवणारा हवा होता, आणि बायोलॉजीचीही जागा रिकामी. एक वर्षाची नेमणूक. काम पटलं तर कायम. कायम झालो तर आईला आणायचं, एवढंच डोक्यात होतं.

तर आफ्रिकेतला पहिला दिवस. स्टाफरूममध्ये खुमालोबाई बसल्या होत्या. शाळेतल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका. त्यांनी हसून विचारलं, "न्गुबानी इसिबोन्गो साखो?" मग लगेच इंग्रजीत, तुझं आडनाव काय?

मी ताठ झालो. म्हटलं, इथंही?

"तुम्हाला कशाला हवंय?" मी विचारलं.

बाई चक्रावल्या. "अरे, आडनाव कळल्याशिवाय तुझे आभार कसे मानू?"

मग सांगितलं. त्यांच्याकडं प्रत्येक कुळाची स्तुती असते. इझिथाकाझेलो. पाणी दिलंत, मदत केलीत, नुसती वाटेत भेट झाली तरी तुमचं आडनाव विचारून तुमच्या वाडवडलांची स्तुती म्हणतात. आडनाव विचारायचं ते माणसाला वर उचलायला.

"आमच्यात अशी स्तुती नसते," मी म्हटलं.

"आजा काय करायचा तुझा?"

पहिल्यांदा कुणालातरी सरळ सांगितलं. मेलेली ढोरं ओढायचा. सोलायचा. कातडं कमवायचा.

बाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे ढालीचं कातडं काढणाऱ्याचा नातू! आमच्यात बैल नीट सोलणाऱ्याला लांबून बोलावणं येतं. बस. चहा घे."

ही रीत मी इथल्या पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवली. ओपन इव्हनिंगनंतरच्या आठवड्यात सगळे एकमेकांना आडनावं विचारत होते. डॉक्टरांचा ईशान माझ्यापुढं आला. इयर नाईनमधला, तेरा-चौदा वर्षांचा, इथंच जन्मलेला. झुलूत आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग तो मराठीत म्हणाला, "सर, तुमचा फॅमिली मेलेला गाय कट करायची ना? बाबा म्हणाला." आणि वळून वर्गाला इंग्रजीत सांगितलं.

"यक, सर!"

वर्ग हसला. पोरांवर राग नाही माझा. पोरगं ते विष घेऊन जन्मलं नव्हतं. घरच्या गाडीत, मागच्या सीटवर बसून ऐकलं होतं त्यानं.

"हो," मी म्हटलं. "माझा आजा. पुस्तक उघडा."

वर्षाच्या शेवटी पालकांसमोर कार्यक्रम ठरला. प्रत्येक पोरानं आपल्या घराण्याची स्तुती रचून झुलूत म्हणायची, मग अर्थ सांगायचा. शेवटी माझी. कार्यक्रमाआधी डॉक्टरांचा फोन आला.

"हे बघ, तुझ्या भल्यासाठी सांगतोय. वेम्बलीहून आपली बरीच मंडळी येणारेत. तू फर्स्ट नेम लाव फक्त. आजाबिजाचं काढू नकोस. व्हाय मेक अ थिंग ऑफ इट? तुझ्या परमनंटचं मी हेडशी बोलतो, डोन्ट वरी."

आपली मंडळी. त्यात मी नव्हतो.

"बघतो," म्हणून फोन ठेवला. खरं सांगतो, रात्रभर तोललं. एका पारड्यात कायमची नोकरी, आई. दुसऱ्यात मेलेला आजा. आजा जड भरला.

हॉल भरला होता. एका पोराची आजी हीथ्रोवर साफसफाई करायची, त्यानं तिला गायलं. एकाचा बाप बसड्रायव्हर. ईशान म्हणाला, "माझे बाबा माणसाचं हृदय उघडतात." कडकडून टाळ्या. पहिल्या रांगेत डॉक्टर, मागं त्यांची मंडळी.

मग मी उठलो. आडनाव सांगितलं, पूर्ण, मोठ्यानं. स्तुती झुलूत म्हटली, इंग्रजीत म्हटली. आणि मग, पहिल्या रांगेकडं बघून, मराठीत.

"मेलेल्या बैलाला ज्यानं हात दिला,
ज्याच्या सुरीनं कातड्याला भोक पडलं नाही,
ज्याच्या कातड्याची मोट गावाच्या विहिरीत उतरली,
ज्याच्या मोटेनं गावाची तहान भागली,
आणि ज्याला त्या विहिरीवर चढू दिलं नाही,
त्याचा मी नातू."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. इंग्लिश आईबापांनीही वाजवल्या. वेम्बलीची मंडळी आपापल्या बुटांकडं बघत होती.

चहाच्या वेळी डॉक्टर जवळ आले. आवाज खाली. "हे इथं काढायची गरज होती का?"

"आडनाव तुम्हीच विचारलं होतं, डॉक्टर. माझं उत्तर अर्धं राहिलं होतं."

नोकरी कायम झाली नाही. झुलूला बजेट नाही, हेड म्हणाले. बायोलॉजीला? तिथं दुसरं कुणीतरी मिळालं होतं. डॉक्टर हेडशी बोलले, की बोलले नाहीत, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. आई अजून गावीच आहे. मी आता दुसऱ्या शाळेत आहे, पुन्हा वर्षाच्या करारावर, दोन बस बदलून जातो.

आणि तुम्ही. इथवर वाचताना तुम्हीही शोधत होता ना? लातूरकडचा, गावाबाहेरचा, म्हणजे नेमका कोण? मी लिहिलेलं नाही. लाज वाटते म्हणून नाही. कागदावर लिहिलं तर तुम्ही बसल्या बसल्या वाचाल, मनाशी "अच्छा" म्हणाल आणि पान उलटाल.

समोर या. विचारा. मी सांगेन. पण आता नुसतं आडनाव मिळणार नाही. आजाची सगळी स्तुती ऐकावी लागेल, मोटेपर्यंत, विहिरीपर्यंत.

आणि उभं राहून ऐकावी लागेल.