ॲडमिनचा हात

"सपोर्ट करा!" म्हणून तो उजव्या हाताचा अंगठा वर करायचा, मान मात्र खालीच. कुणी लग्नपत्रिका दिली की अंगठा. कुणाची म्हैस व्याली की अंगठा. बापाला थंडीताप भरला, त्यानं पाणी मागितलं, तेव्हाही या पठ्ठ्यानं अंगठाच दाखवला. पाणी शेजारणीनं आणलं. असला नमुना तुमच्याही गावात असणार, मंडळी. दिसला नसेल तर पारावर जाऊन नीट बघा, खाली घातलेल्या मानांमध्ये सापडेल.

परंड्याकडच्या एका गावात मी ग्रामपंचायतीची लिखापढी सांभाळत होतो, तेव्हाचा हा प्राणी. वय तेवीस, वजन फोनसकट पंचेचाळीस किलो. गावातल्या तरुणांच्या ग्रुपचा तो ॲडमिन, म्हणून सगळं गाव त्याला ॲडमिनच म्हणायचं. आईसुद्धा. ग्रुपात चारशे पोरं. एवढी पोरं गावात जन्मलीच नव्हती, पण ग्रुपात होती.

ज्ञान सगळं व्हिडिओतलं. पोहायलासुद्धा तो फोनवर शिकला. अंगणात बाजेवर पालथा पडून तीन आठवडे हातपाय मारले. कोंबड्यांनी धास्तीनं अंडी द्यायचं सोडलं. मग ऐटीत विहिरीत उडी घेतली आणि जो गेला तो थेट पाताळातल्या लोकांना सपोर्ट करायला. जवळच मेंढ्या राखणाऱ्या सुरेखानं दोर टाकून त्याला वर ओढला. त्याच्या पोटातून निघालेल्या पाण्यावर दोन एकर हरभरा भिजला असता. शुद्धीवर येताच साहेबांचा पहिला प्रश्न, "कुणी शूट केलं का?"

"व्हय, मेंढ्यांनी केलं," सुरेखा म्हणाली.

ही धनगराची पोर पोलीस भरतीचा अभ्यास करायची. अशा गावात अकरा जणी. शिकायचं फोनवर, आणि फोन भावाचा. भाऊ घरी आला की धडा संपला. म्हणून त्यांना पुस्तकं ठेवून अभ्यासाला बसायला एक खोली हवी होती. जनावरांचा दवाखाना नव्या जागी गेल्यापासून जुनी खोली रिकामीच होती. पण सरपंचांना तीच खोली मेव्हण्याचं सिमेंट ठेवायला हवी होती. ग्रामसभेत हात वर करून काय तो निकाल लावायचा ठरलं.

एक गोष्ट मात्र ॲडमिनच्या पदरात टाकतो, नाहीतर मला पाप लागेल. या अकराही जणींचे भरतीचे फॉर्म त्यानंच भरले. सर्व्हर बंद पडला की दिवसदिवस ताटकळला, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. म्हणून तर पोरी त्याच्यावर विसंबल्या.

"काळजीच करू नका," तो म्हणाला. "चारशे सपोर्ट आपल्या खिशात हायेत."

सभेच्या सकाळी ग्रुपात अंगठ्यांचं असं पीक आलं, की काढणीला मजूर मिळाले नसते. ग्रामपंचायतीसमोर माणसं जमली. त्या चारशेंतले गावातले वीर मात्र दोनशे पावलांवर, पारावर बसून सभा लाईव्ह बघत होते. दाखवणारा अर्थात ॲडमिन. खुर्चीवर उभा, दोन्ही हातांनी फोन असा धरलेला, जणू बारशाचं बाळच.

सरपंच म्हणाले, "खोली पोरींना द्यावी असं वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात मोजायचं काम माझ्याकडं. माझं नाव परंड्याच्या मतदारयादीत, त्यामुळं मला तिथं मत नव्हतं. मोजत मोजत मी ॲडमिनपाशी आलो. सुरेखा खालून कुजबुजली, "दादा, हात वर कर की!"

"थांब गं, लाईव्ह चालू हाय. हललं की सगळं धूसर दिसतंय."

चौसष्ट हात भरले. सिमेंटच्या बाजूनंही चौसष्टच. बरोबरी झाली की निर्णायक मत सरपंचांचं, आणि सरपंचांना मेव्हणा एकच. खोली गेली. फोनवर मात्र पारावरच्या पोरांचे लाल बदाम उडतच होते.

दुसऱ्या दिवशी सुरेखानं त्याचाच व्हिडिओ त्याच्यापुढं धरला. "ह्यात समद्यांचे हात हायेत. तुझा दाखव."

"म्या शूट करत होतो ना..."

"विहिरीवर म्या बी शूटच करत बसले असते तर?"

तेव्हा पहिल्यांदा मला त्याचे डोळे दिसले. बरे होते की! अंगठा मात्र त्या दिवशी वर आला नाही.

महिन्याभरात तो पुण्याला एका गोदामात कामाला गेला.

पुढच्या ग्रामसभेत पोरींनी तोच विषय पुन्हा मांडला. या खेपेला ग्रुपात एक अक्षर टाकलं नाही. घरोघर हिंडल्या, आयांना चुलीपुढून उठवलं, पारावरच्या वीरांना कानाला धरून आणलं. हात वर करायची वेळ आली तेव्हा सुरेखाच्या डाव्या हातात फोन होता आणि उजवा हात वर. एवढं सोपं असतं ते! फोनात व्हिडिओ कॉलवर ॲडमिन, गोदामातल्या खोक्यांपुढं उभा, हात इतका ताणलेला की शर्टाची उसवलेली बगल दिसत होती.

"काका, माझा बी मोजा!"

"सभेत हजर असलेल्याचाच हात मोजतात, बाबा."

"ठावं हाय मला. नका मोजू. नुसतं बघा."

मी मोजला नाही. गरजही पडली नाही, खोली पोरींना मिळाली. त्या धावतच कुलूप उघडायला गेल्या आणि गडबडीत फोन माझ्या टेबलावर राहिला. रेंज गेली होती. पडद्यावर तो तसाच अडकला होता, हात वर करून, पाचही बोटं उघडी.