जुन्या भाषेत बोलणारी यंत्रं

जुनं काही बंद करायला निघालं की किस्से आपोआप जमा होतात. आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात तर दोन वर्षं दुसरं काही जमाच झालं नाही.

आमचं सॉफ्टवेअर लांबलांबच्या यंत्रांकडून येणारे संदेश वाचतं. त्यातली काही यंत्रं अजून जुन्या प्रोटोकॉलने, म्हणजे जुन्या भाषेत बोलतात. त्या भाषेला कुलूप नाही. वाटेत कुणीही ऐकावं, कुणीही खोटा संदेश घुसवावा. म्हणून आमचे मॅनेजर खुराना ती काढून टाका म्हणत होते. टीममधल्या सगळ्यात सीनियर, साठीला आलेल्या वैद्य मॅडम घाई नको म्हणत होत्या. अजून कोण कोण त्या भाषेत बोलतंय, याची यादी करायचं काम माझ्यावर आणि लातूरच्या सैफवर आलं.

"यार, आजकल ये चलाता कौन है?" खुरानांनी मीटिंगमध्ये विचारलं.

यादीत तिसरं नाव त्यांच्याच सोसायटीच्या लिफ्टच्या अलार्मचं होतं. त्यानंतर आठवडाभर ते अकरा मजले जिन्याने चढत होते.

*

यादीत फरिदाबादकडचं एक छोटं हॉस्पिटलही होतं. रोज सकाळी अकराला तिथून एकच संदेश यायचा: खाट सात, नर्सला बोलवा. फोन काही लागेना, म्हणून सैफ आणि मी कॅबने गेलो.

हॉस्पिटल कधीच बंद पडलं होतं. चौकीदाराने वॉर्ड उघडून दिला. खाटा नव्हत्या, भिंतीवर बटणांची रांग तेवढी उरली होती. बरोबर अकराला सातव्या बटणावरचा लाल दिवा लागला. सैफने पुढे होऊन तो बंद केला आणि नकळत म्हणाला, "आलो, आलो."



*

पहाडातल्या एका धरणावरचं पाणी मोजायचं यंत्र चार महिने गप्प होतं. बंद पडलं असेल म्हणून मी यादीत त्यावर फुली मारणार, तेवढ्यात मॅडमनी थांबवलं. म्हणाल्या, "गप्प आहे म्हणजे नाहीच, असं नसतं."

ते यंत्र पाणी खुणेच्या वर गेलं तरच बोलायचं. पुढच्या मंगळवारी दुपारी ते बोललं. मॅडमनी लगेच धरणावर फोन केला. दरवाज्यांखाली काम करणारे नऊ मजूर घाईघाईने वर आले आणि त्यांच्यामागोमाग पाणी आलं.

खुरानांनी जुनी भाषा आणखी वर्षभर ठेवली.

*

वर्ष संपलं. बाकी सगळीकडे नवी यंत्रं बसली होती. राहिली होती फक्त डोंगरावरची एक हवामान चौकी, जिथे माणूस कधी नेमलेलाच नव्हता. एवढ्यासाठी थांबायचं नाही असं ठरलं आणि एका दुपारी मॅडमनीच जुनी भाषा बंद केली.

पाऊण तासाने त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. म्हातारा, शांत आवाज होता.

"बेटी, आज आप लोग सुन नहीं रहे. सब ठीक तो है?"

मॅडमनी कुठून बोलताय म्हणून विचारलं. त्याने त्या चौकीचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात सैफ आणि मी नवं यंत्र घेऊन वर गेलो. दाराचं कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली फिरेना. शेवटी ते कापावं लागलं. आत फोन नव्हता. यंत्रासमोर एक स्टूल होतं आणि भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर.

सैफने मोबाइल काढून तारीख पाहिली. मग कॅलेंडरकडे पाहिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.